शस्त्रक्रियेनंतरची प्रतिकारशक्ती : आधीची साठवण, नंतरची राखण

शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना ‘ऑपरेशन व्यवस्थित झाले’ एवढे शब्द ऐकू आले की त्यांच्या मनावरील मोठे ओझे उतरते. ते स्वाभाविकच आहे. परंतु शल्यचिकित्सकाचे काम जेथे संपते, तेथे रुग्णाच्या शरीराचे काम सुरू होते. जखम भरून काढायची, जंतूंना थोपवायचे आणि झालेली झीज भरून काढायची, ही तिन्ही कामे शरीराला एकाच वेळी करावी लागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याची रोगप्रतिकारशक्ती मंदावलेली असते. म्हणूनच घरी जाण्याच्या दिवशी बहुतेक कुटुंबांकडून एकच प्रश्न येतो : “डॉक्टर, आता ताकदीचे एखादे टॉनिक लिहून द्या ना!”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एका गावाची आठवण करणे उपयोगी पडेल. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे पर्जन्यछायेतील गाव. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे जे घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. गावाने केवळ बाहेरच्या पाण्यावर भिस्त ठेवली नाही. समतल चर खोदले, नाल्यांना बांध घातले, झाडे लावली, आणि शिवारात पडणारा पाऊस शिवारातच जिरवला. विहिरींना पाणी आले ते त्यानंतर. टँकरने आणलेले पाणी त्या दिवसापुरते असते. जमिनीत मुरलेले पाणी उन्हाळ्यात उपयोगी पडते. शरीराच्या प्रतिकारशक्तीची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. ती शस्त्रक्रियेनंतर बाटलीतून ओतता येत नाही. ती आधी साठवावी लागते आणि नंतर राखावी लागते.

शस्त्रक्रियेने प्रतिकारशक्ती का मंदावते?

शस्त्रक्रिया ही हेतुपूर्वक व कौशल्याने केलेली असली, तरी शरीराच्या दृष्टीने ती इजाच होय. त्वचा ही आपली पहिली तटबंदी. तिला छेद जाताच इजा झालेल्या पेशींकडून धोक्याचे रासायनिक संदेश सुटतात. रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात आणि तेथे दाह सुरू होतो. हा दाह आवश्यकच आहे. त्याच्यावाचून जखम भरणार नाही. पण तो आवरला नाही, तर निरोगी अवयवांनाही त्याची झळ पोहोचेल. म्हणून शरीर त्याच वेळी आवर घालणारी यंत्रणाही चालू करते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल व अॅड्रिनलिन ही संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. रक्तातील लसिका पेशींची, म्हणजे लिम्फोसाइट्सची, संख्या घटते. विषाणुबाधित पेशी व कर्कपेशी यांना नष्ट करणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींचे कार्य मंद होते. जंतूंची ओळख इतर पेशींना पटवून देणाऱ्या मोनोसाइट पेशीही काही काळ आपले काम पुरेसे करीत नाहीत.

याच काळात शरीर स्नायूंमधील प्रथिने मोडून जखमेसाठी व पांढऱ्या पेशींसाठी कच्चा माल पुरवते. ज्याच्या अंगावर मांस आहे, त्याला हे परवडते. जो आधीच खंगलेला आहे, त्याचे भांडवलच संपत येते.

शस्त्रक्रिया लहान असेल आणि पुढे काही गुंतागुंत झाली नाही, तर ही मंदता बहुधा काही दिवसांत ओसरते. शस्त्रक्रिया मोठी व दीर्घ असेल, रक्तस्राव अधिक झाला असेल, रुग्ण वृद्ध, कुपोषित किंवा मधुमेही असेल, तर ती अधिक काळ टिकते. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेत छेद लहान असल्याने शरीराला बसणारा धक्काही सहसा कमी असतो. हे सर्व सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. ही मंदता शरीराच्या स्वसंरक्षणाचाच भाग आहे आणि योग्य परिस्थिती मिळाल्यास शरीर स्वतःच तिच्यातून बाहेर येते. ती परिस्थिती निर्माण करणे एवढेच आपल्या हाती असते, आणि ते पुष्कळ आहे.

आधीची साठवण

१९३६ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक हायरम स्टडली यांनी जठरव्रणावरील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी सुमारे ३३ टक्के रुग्ण दगावले. ज्यांचे वजन तितके घटले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण साडेतीन टक्के होते. तेव्हापासून शस्त्रक्रियेचे तंत्र पार बदलले. पण खंगलेल्या देहाला शस्त्रक्रिया जड जाते, ही त्यातील शिकवण आजही तशीच आहे. म्हणून गेल्या सहा महिन्यांत रुग्णाचे वजन नकळत घटले असेल, कपडे सैल होऊ लागले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर दोन ते चार आठवडे आहार सुधारण्यात घालवणे म्हणजे वेळ दवडणे नव्हे.

दुसरी बाब रक्तक्षयाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेल्या जखमेला प्राणवायू कमी पोहोचतो व शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढविण्याची गरज वाढते. दुसऱ्याचे रक्त प्राण वाचवते, हे खरेच. परंतु त्याचाही प्रतिकारशक्तीवर काही परिणाम होतो, म्हणून ते गरजेपुरतेच द्यावे असा संकेत आहे. चार-सहा आठवडे आधी लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने सुरू झाली, तर अनेकदा रक्ताच्या बाटलीची वेळच येत नाही.

तिसरी बाब मधुमेहाची. रक्तातील साखर वाढली की पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून नष्ट करण्यात कमी पडतात. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर साखर सर्वसाधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या आत राखण्याचा प्रयत्न असतो. ‘ऑपरेशन आहे म्हणून’ स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे जितके धोक्याचे, तितकेच ‘अशक्तपणा आहे म्हणून’ साखरपाणी पाजत राहणेही धोक्याचे आहे. दमा, संधिवात यांसाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांनीही ती औषधे अचानक थांबवू नयेत. डॉक्टरांना त्यांची पूर्ण माहिती द्यावी.

चौथी बाब व्यसनाची, आणि येथे राळेगणसिद्धीकडे पुन्हा वळावे लागते. त्या गावाच्या पुनरुज्जीवनाच्या पंचसूत्रीत नशाबंदीला स्थान होते. पाणलोटाच्या कामाआधी दारूच्या भट्ट्या बंद झाल्या आणि पुढे गावातील दुकानांतून विडी-तंबाखूही हद्दपार झाली. हा निर्णय सामाजिक सुधारणेसाठी घेतला गेला. पण त्यातील वैद्यकीय शहाणपण पुढे डेन्मार्कमधील दोन अभ्यासांतून दिसून आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी महिनाभर मद्य सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना गुंतागुंत झाली, तर पीत राहणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना. २००२ सालच्या अभ्यासात खुबा किंवा गुडघा बदलण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे धूम्रपान सोडण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी मदत मिळालेल्यांत गुंतागुंतीचे प्रमाण १८ टक्के होते, तर अशी मदत न मिळालेल्यांत ५२ टक्के. महिनाभराच्या संयमाचे इतके मोल कोणत्याही औषधाच्या बाटलीत नाही. आपल्याकडे यात तंबाखू मळणारे पुरुष आणि मिश्री लावणाऱ्या स्त्रिया यांचाही समावेश करावयास हवा, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात व जखमेचा रक्तपुरवठा घटतो. मात्र रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे. अन्यथा कंप, भ्रम, झटके असे त्रास होऊ शकतात.

शस्त्रक्रियागृहातील राखण

या टप्प्यावर जबाबदारी रुग्णालयाची असते. तरीही देणगीदारांना व कुटुंबीयांना तिची कल्पना असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंसर्ग टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यातील अनेक गोष्टी अगदी साध्या आहेत. रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी साबणाने स्नान करावे. केस वस्तऱ्याने काढू नयेत. अत्यावश्यक असल्यास यंत्राने कापावेत. प्रतिजैविक गरजेचे असेल, तेव्हा ते छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत द्यावे. रुग्णाच्या शरीराची ऊब टिकवावी.

यातील उबेचे महत्त्व फार थोड्यांना ठाऊक असते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांची तुलना करण्यात आली. शस्त्रक्रियेदरम्यान ज्यांचे शरीर थंड पडू दिले गेले, त्यांच्यापैकी १९ टक्क्यांच्या जखमेत संसर्ग झाला; ज्यांना उबदार ठेवले, त्यांच्यापैकी केवळ ६ टक्क्यांच्या. थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी मिळतो व पांढऱ्या पेशींची धार बोथट होते. रुग्णाला ऊब देणारे एखादे यंत्र किंवा गरम केलेली सलाईन देणगीच्या यादीत फारशी झळकत नाही. पण तिचे मोल किती, हे वरील आकड्यांवरून ध्यानात येईल.

नंतरची भरपाई

आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याविषयी अनेक गैरसमज आहेत. डाळीने पू होतो, भाताने जखम ओली राहते, दह्याने चिघळते, असे सांगून रुग्णाला दिवसेंदिवस पेज व बिस्किटांवर ठेवले जाते. वास्तविक याच काळात त्याला प्रथिनांची सर्वाधिक गरज असते, कारण प्रतिकारशक्तीच्या साऱ्या पेशी व प्रतिपिंडे प्रथिनांपासूनच घडतात. सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत. ५० किलो वजनाच्या रुग्णाला हे प्रमाण ६० ते ७५ ग्रॅम होते.

हे महागड्या डब्यांवाचूनही जमते. सकाळी पेलाभर दूध व मूठभर शेंगदाणे यांतून सुमारे १३ ग्रॅम; दुपारी बाजरीच्या दोन भाकरी व मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ यांतून सुमारे २० ते २२ ग्रॅम; सायंकाळी दोन अंडी, अथवा शाकाहारी असल्यास मूठभर सोयाबीनच्या वड्या, यांतून सुमारे १२ ग्रॅम; आणि रात्री भाकरी, घट्ट वरण व वाटीभर दही यांतून सुमारे २५ ग्रॅम. बेरीज सत्तरच्या घरात जाते. जोडीला लिंबू, पेरू, आवळा, पालेभाज्या असाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काय व केव्हा सुरू करायचे, हेही डॉक्टरच सांगतील.

एका गोष्टीची सावधगिरी हवी. जो रुग्ण बरेच दिवस जवळजवळ उपाशी आहे, त्याला एकदम भरपेट जेवू घालू नये. २०११ साली दिल्लीत श्री. हजारे यांचे १२ दिवसांचे उपोषण २८ ऑगस्ट रोजी सुटले, ते नारळपाणी व मध घेऊन. दीर्घ उपवास हळूहळू सोडण्याच्या आपल्या परंपरेला शास्त्राचा आधार आहे. उपाशी शरीरात एकाएकी अन्न गेले की रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयाला धोका संभवतो. अशा रुग्णाचा आहार पायरीपायरीने वाढवावा लागतो.

आहाराइतकीच गरज हालचालीची व झोपेची आहे. डॉक्टरांनी अनुमती देताच रुग्णाला बसते करावे, आधार देऊन चालते करावे, दर तासाला दीर्घ श्वास घ्यावयास लावावे. त्याने फुप्फुसांतील कफ साचत नाही व स्नायूंची झीज थांबते. वेदना सोसत राहण्यात पुरुषार्थ नाही. वेदना व जागरण यांमुळे ताणाची संप्रेरके चढीच राहतात आणि प्रतिकारशक्तीला उभारी मिळत नाही. आणखी एक विनंती भेटीस येणाऱ्या आप्तेष्टांना. आपल्या गावाकडे आजाऱ्याला भेटण्यासाठी अख्खी भावकी लोटते. ही माया मोलाचीच आहे. पण सर्दी-खोकला असलेल्याने दूरध्वनीवरून विचारपूस करावी आणि प्रत्येकाने हात धुऊनच रुग्णाजवळ जावे.

विश्रांतीविषयी मात्र कळकळीने लिहावेसे वाटते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या प्रश्नावर राज्य शासनाने २०१९ साली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. मजुरीचा खाडा परवडत नाही म्हणून पुरेशी विश्रांती न घेता पुन्हा फडावर जाण्याची वेळ यांतील कित्येकींवर येते. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे ही प्रतिकारशक्तीची पहिली राखण आहे. आणि आवश्यक शस्त्रक्रियेनंतर कष्टकरी स्त्रीला विश्रांती मिळवून देणे, ही कुटुंबाची व समाजाची जबाबदारी आहे.

प्लीहा काढावी लागल्यास

आतापर्यंत जी मंदता सांगितली, ती तात्पुरती असते. एका शस्त्रक्रियेत मात्र प्रतिकारशक्तीचा एक भाग कायमचा जातो. प्लीहा, म्हणजे बोलीभाषेतील पानथरी, हा रक्त गाळणारा व विशिष्ट जंतूंना टिपणारा अवयव आहे. रस्त्यावरील अपघातात पोटाला मार बसून ती फाटली, किंवा थॅलेसिमियासारख्या विकारात फार वाढली, तर ती काढावी लागते. १९५२ साली किंग व शूमॅकर या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी प्लीहा काढलेल्या बालकांमध्ये अतितीव्र जंतुसंसर्ग होत असल्याचे निदर्शनास आणले. तोवर हा अवयव नसला तरी चालते, असाच समज होता.

अशा रुग्णाने न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ या तीन जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्यात. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर शक्यतो किमान दोन आठवडे आधी, आणि तातडीने झाली असेल तर साधारण दोन आठवड्यांनी. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी. प्लीहा काढल्याची चिठ्ठी कायम खिशात बाळगावी. साधा वाटणारा तापही अशा व्यक्तीसाठी तातडीची बाब असते. ‘उद्या पाहू’ म्हणू नये. कुत्रा चावल्यास रेबीजच्या लसीबरोबर डॉक्टरांना प्लीहा नसल्याचे अवश्य सांगावे. हिवतापापासूनही विशेष जपावे.

मग टॉनिकचे काय?

ज्याच्यात एखाद्या जीवनसत्त्वाची वा लोहाची कमतरता आहे, त्याला ते अवश्य द्यावे. पण सरसकट प्रतिकारशक्ती वाढवणारी एकच पूड किंवा काढा अस्तित्वात नाही. वनस्पतिजन्य औषधे निरुपद्रवीच असतात, हाही समज तपासून पाहावयास हवा. कोविडच्या काळात अनेकांनी स्वतःच्या मनाने गुळवेलीचे सेवन केले. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यापुरता बोध इतकाच की, जे काही घेत असाल ते भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. काही वनस्पतींमुळे रक्तस्राव वाढतो, काहींचा भुलीच्या औषधांशी मेळ बसत नाही.

कुटुंबासाठी स्मरणपत्रिका

१. शस्त्रक्रिया ठरताच वजन, हिमोग्लोबिन व साखर यांची नोंद करून घ्या.
२. तंबाखू, मिश्री, विडी व मद्य किमान चार आठवडे आधी सोडण्याविषयी डॉक्टरांशी बोला.
३. उपाशी किती वेळ राहायचे, हे नेमके विचारा. आदल्या दुपारपासून रुग्णाला उपाशी ठेवू नका.
४. प्रतिजैविकांचा दिलेला क्रम स्वतःच्या मनाने वाढवू नका, मध्येच सोडू नका.
५. जखमेवर हळद, राख, पाला असे काहीही लावू नका.
६. जखमेतील संसर्ग महिनाभरातही उद्भवू शकतो. कृत्रिम सांधा बसवला असल्यास अधिक काळ लक्ष ठेवा.
७. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, जखमेतून पू, वाढती लाली वा वेदना, धाप, पायावर सूज, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात या.

देणगीदार व विश्वस्तांस निवेदन

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही अनेक शस्त्रक्रियांचा भार हलका होतो. म्हणजे शस्त्रक्रियेच्या दिवसाची सोय पुष्कळशी झाली आहे. उरते ती त्याच्या आधीच्या चार आठवड्यांची व नंतरच्या चार आठवड्यांची. लोहाचे इंजेक्शन, महिनाभराची अंडी-डाळ, व्यसन सोडवणारा समुपदेशक, प्लीहा काढलेल्या मुलाच्या लसी, घरी जाऊन जखम पाहणारी परिचारिका, यांवर कोनशिला बसत नाही. रुग्ण पुन्हा उभा राहतो तो मात्र यांच्याच बळावर.

आपल्या जिल्ह्याला या कामाची वाट अपरिचित नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यातील अल्पशिक्षित, निरक्षर स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले गेले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. आरोग्य रुग्णालयाच्या चार भिंतींत नव्हे, तर घराच्या उंबरठ्यावर राखावे लागते, हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले. राळेगणसिद्धीने पाण्याच्या बाबतीत हेच दाखवले.

पाऊस पडतो तो थोडे दिवस. शिवार वर्षभर हिरवे राहते ते मुरलेल्या पाण्यावर. शस्त्रक्रियाही काही तासांची असते. तिच्या अलीकडे व पलीकडे रुग्णाला जे बळ मिळेल, त्यावर तिचे खरे यश ठरते. ते बळ गरिबातील गरीब रुग्णापर्यंत पोहोचविण्यात आपणा सर्वांचा हातभार लागो, ही नम्र विनंती.